यकृतातील एन्रोफ्लॉक्सॅसिन : एलायझा आणि एलसी-एमएस/एमएस यांचे आकडे जुळतात, हे कशाच्या आधारावर म्हणावे?

औषधशास्त्र_पीजी :

नमस्कार. मी पशुवैद्यकीय औषधशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि माझा प्रबंध ब्रॉयलर कोंबड्यांच्या उतींमधील एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या अवशेषांवर आहे. ४८ पक्ष्यांना पाच दिवस पिण्याच्या पाण्यातून किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेने औषध दिले, आणि शेवटच्या मात्रेनंतर सहा वेगवेगळ्या दिवशी आठ-आठ पक्षी कापून यकृत, मूत्रपिंड आणि छातीचे स्नायू गोळा केले. प्रत्येक नमुना आमच्याकडे एलायझा किटवर (प्रतिपिंडावर आधारित रंगचाचणी) मोजला आणि त्याचाच दुसरा तुकडा एलसी-एमएस/एमएससाठी (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. एलायझा स्वस्त आहे आणि एका दुपारी चाळीसेक नमुने हातावेगळे होतात. म्हणून महागड्या यंत्राऐवजी किट वापरता येते, असे दाखवण्याचा आमचा हेतू होता.

तिन्ही उतींचे मिळून १३७ जोड्यांचे आकडे एकत्र केले. सहसंबंध गुणांक ०.९८ आला, पेअर्ड टी-चाचणीत पी-मूल्य ०.२७ आले, आणि त्यावरून ‘दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नाही’ असे आम्ही लिहिले. लेख परत आला. परीक्षकांनी एवढेच म्हटले आहे की सहसंबंध म्हणजे मेळ नव्हे, आणि योग्य विश्लेषण करून लेख पुन्हा पाठवावा. मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे, की ब्लँड-ऑल्टमनचा एक आलेख आणि पासिंग-बाबलोकची रेषा, या पद्धतींची तुलना करण्याच्या दोन रूढ रीती, जोडून द्याव्यात म्हणजे काम होईल. ते जोडण्यास माझी ना नाही, परंतु आधीचे नेमके कोठे चुकले हे मला अजून उमगलेले नाही, आणि न उमगता लिहिले तर तोंडी परीक्षेत मीच अडकेन.

यकृताच्या पाच जोड्या नमुन्यादाखल देते. आकडे मायक्रोग्रॅम प्रति किलोमध्ये आहेत; आधी एलसी-एमएस/एमएस, नंतर एलायझा.

४२ आणि ६१
९६ आणि ११२
१८८ आणि १९३
४१० आणि ३५२
९०५ आणि ७६०

आणखी एक अडचण आहे. यकृताच्या ४८ पैकी ७ नमुन्यांत एलायझाचे वाचन किटच्या शोधसीमेखाली, म्हणजे ३० च्या खाली गेले. त्यांना आकडाच नसल्यामुळे ते वगळून मी यकृताच्या ४१ जोड्या घेतल्या आहेत. हे चालेल का, की त्यांच्या जागी १५ हा आकडा घालावा? दोन्ही पद्धतींची अचूकताही विचारली जाईल म्हणून सांगते: तोच अर्क दोनदा मोजला असता एलायझात सुमारे १२ टक्के आणि एलसी-एमएस/एमएसमध्ये सुमारे ५ टक्के चढउतार दिसतो.

आकडेमोड :

आपण पाच जोड्या दिल्यात हे फार बरे केलेत, कारण सगळा प्रश्न त्या पाच ओळींतच सापडतो. मी त्या कॅल्क्युलेटरवर घातल्या. सहसंबंध गुणांक ०.९९९७ येतो, याहून सुंदर आकडा प्रबंधात सहसा मिळत नाही. पेअर्ड टी-चाचणीत फरकांची सरासरी उणे ३२.६, तिची प्रमाण त्रुटी ३१.४ आणि पी-मूल्य सुमारे ०.३६ येते. म्हणजे आपण वापरलेल्या दोन्ही कसोट्यांवर ही पाच यकृते उत्तम उत्तीर्ण झाली. आता आकडे नुसत्या डोळ्यांनी वाचा. पहिल्या यकृतात एलायझा १९ ने, म्हणजे ४५ टक्के जास्त सांगते. शेवटच्या यकृतात १४५ ने, म्हणजे १६ टक्के कमी सांगते. आणि मधल्या यकृतात दोघांचे जवळजवळ एकमत आहे. इतकी सरळ, एका दिशेने सरकत जाणारी तफावत दोन्ही कसोट्यांच्या नजरेतून सुटली.

ती सुटते, कारण दोन्ही कसोट्यांना आपण भलताच प्रश्न विचारला आहे. एका पद्धतीचा आकडा वाढला की दुसरीचाही ठरावीक प्रमाणात वाढतो का, एवढेच सहसंबंध गुणांक पाहतो. उद्या एखाद्याने एलायझाचे सगळे आकडे दीडपट केले, तरी गुणांक तसूभरही हलणार नाही. शिवाय तो नमुन्यांच्या विस्तारावर पोसला जातो. ४० पासून ९०० पर्यंत पसरलेले आकडे घेतले की बऱ्यापैकी वाईट पद्धतीलाही ०.९५ च्या वर जाता येते, आणि तेच नमुने १५० ते २५० या पट्ट्यात असते तर तोच गुणांक धाडकन खाली आला असता. पद्धत तीच, किट तेच; बदलले ते फक्त पक्षी कापण्याचे दिवस. आपण स्नायू, यकृत आणि मूत्रपिंड एकत्र केलेत तेव्हा विस्तार आणखी वाढला आणि गुणांक फुगला.

टी-चाचणीची गत वेगळी आहे. ती फरकांची सरासरी शून्याहून वेगळी आहे का ते तपासते. खालच्या टोकाची अधिक चूक आणि वरच्या टोकाची उणे चूक एकमेकींना खाऊन टाकतात आणि सरासरी शून्याकडे सरकते. दुसरे असे, की मोजमाप जितके गचाळ तितका फरकांचा पसारा मोठा, आणि पसारा मोठा तितके ‘लक्षणीय फरक नाही’ हे उत्तर मिळणे सोपे. जिच्यात निष्काळजी मनुष्य हमखास उत्तीर्ण होतो अशी ही परीक्षा आहे. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असे तिच्यावरून म्हणता येत नाही.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडले. त्यांची रीत साधी आहे: प्रत्येक नमुन्यासाठी दोन्ही वाचनांची सरासरी आडव्या अक्षावर आणि त्यांतील फरक उभ्या अक्षावर घ्यायचा; मग फरकांची सरासरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या १.९६ पट अंतरावर मेळाच्या सीमा. परंतु आपल्या आकड्यांवर हा आलेख जसाच्या तसा काढून जोडला तर तोही फसवेल, कारण फरक रक्कम वाढेल तसा बदलतो आहे. म्हणून फरक टक्क्यांत घ्या किंवा आकड्यांचे लॉगरिदम घेऊन मग वजाबाकी करा. आपल्या पाच जोड्यांत, दोघांच्या सरासरीच्या प्रमाणात, फरक अनुक्रमे अधिक ३७, अधिक १५, अधिक ३, उणे १५ आणि उणे १७ टक्के येतात. ही उतरती रांग आलेखात दिसली की सपाट सीमा आखण्यात अर्थ राहत नाही. फरकांनाच एक तिरपी रेषा बसवून सीमा तिच्या आजूबाजूला आखाव्या लागतात.

सीमांनाही स्वतःची अनिश्चितता असते आणि ती सहसा कोणी देत नाही. ४१ नमुन्यांवर प्रत्येक सीमेचे ९५ टक्क्यांचे विश्वासांतर, म्हणजे खरे मूल्य ज्यात असावे तो पट्टा, प्रमाण विचलनाच्या निम्म्याहून थोडे जास्त, दोन्ही बाजूंस, इतके रुंद असते. ते आलेखावर दाखवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. या सीमा किती अरुंद असल्या म्हणजे चालेल, हे कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी सांगत नाही. ते आपण, आकडे पाहण्याच्या आधी, वापरावरून ठरवायचे असते. युरोपीय संघात कोंबडीच्या यकृतासाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्यापासून शरीरात बनणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्या बेरजेची कमाल अवशेष मर्यादा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम आहे, स्नायूंसाठी १०० आणि मूत्रपिंडासाठी ३००. म्हणजे यकृतात आपल्याला २०० च्या आसपासचा मेळ हवा आहे. ९०५ चे ७६० झाले तरी निर्णय बदलत नाही. त्या पाच जोड्यांतून साधी रेषा काढली तर उतार ०.८० आणि उभ्या अक्षावरचा छेद ३२.५ येतो, त्या रेषेनुसार एलायझा २०० म्हणेल तेव्हा एलसी-एमएस/एमएसचे उत्तर सुमारे २०९ असेल. हा नऊ मायक्रोग्रॅमचा कल तसा किरकोळ आहे. पाच जोड्यांवर विसंबून मी यापुढे जाणार नाही, पण प्रबंधात ‘मर्यादेपाशी कल किती’ हा आकडा त्याच्या विश्वासांतरासह आला पाहिजे, आणि सहसंबंध गुणांकाला तळटीपेत जागा दिली तरी पुरे.

१३७ हा आकडा मात्र काढून टाका. पक्षी ४८ आहेत. एकाच पक्ष्याचे यकृत आणि मूत्रपिंड हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, आणि उती बदलली की पद्धतीची वागणूकही बदलते. तीन उतींची तीन विश्लेषणे करा.

सात नमुन्यांविषयी सवडीने लिहितो. तेथे मला काहीतरी खटकते आहे.

अवशेष_तपासनीस :

वरचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु कोणतीही रेषा बसवण्यापूर्वी काही गोष्टी टेबलावर जाऊन पाहाव्यात असे सुचवतो. मी गेली बरीच वर्षे अवशेष तपासणीच्या कामात आहे, आणि संख्याशास्त्राने सोडवायला घेतलेली निम्मी कोडी नमुन्याच्या डबीतच सुटलेली पाहिली आहेत.

पहिला प्रश्न: बाहेरच्या प्रयोगशाळेच्या अहवालात एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन स्वतंत्र दिले आहेत का, आणि आपण कोणता आकडा घेतला? शरीरात एन्रोफ्लॉक्सॅसिनचा एक इथाइल गट निघून सिप्रोफ्लॉक्सॅसिन तयार होते, आणि कायद्याची मर्यादा दोघांच्या बेरजेवर आहे. एलसी-एमएस/एमएस या दोघांना वेगवेगळे ओळखते. किटमधले प्रतिपिंड मात्र रेणूच्या आकारावर भाळते. एन्रोफ्लॉक्सॅसिनला शंभर टक्के प्रतिसाद देत असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला कमी किंवा जास्त देते, आणि ते प्रमाण किटगणिक बदलते. माहितीपत्रकात ‘क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी’ या मथळ्याखाली तो आकडा असतो. आता औषध थांबवल्यानंतर जसजसे दिवस जातात तसतसे या दोघांचे परस्परप्रमाण बदलते. म्हणजे पहिल्या दिवशी कापलेल्या पक्ष्यात किटचा कल एक आणि पुढच्या दिवशी कापलेल्यात दुसरा! आपल्या आकड्यांत कमी रकमा बहुधा उशिराच्या दिवसांच्या असणार, तेव्हा रकमेनुसार बदलणारा जो कल वर दिसतो आहे, तो खरोखर रकमेचा आहे की दिवसाचा, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आलेखातले ठिपके दिवसांप्रमाणे सहा रंगांत काढून पाहा.

याच कारणाने, कोऱ्या यकृतात बाहेरून औषध मिसळून केलेली तुलना फार गोड दिसते. त्यात चयापचयाचा भागच नसतो. आपण औषध दिलेल्या पक्ष्यांची यकृते घेतली आहेत, ही आपल्या कामाची मोठी जमेची बाजू आहे आणि ती लेखात ठळकपणे मांडा.

दुसरा प्रश्न वरच्या टोकाचा. एवढ्या लहान रेणूसाठीची एलायझा ही स्पर्धात्मक असते. औषध जितके जास्त तितका रंग कमी. ९०० च्या नमुन्यात रंग जवळपास उतरलेला असतो, वक्र तिथे आडवा पडलेला असतो आणि शोषणात जरासा फरक पडला की उत्तर शंभराने हलते. असे नमुने पातळ करून वक्राच्या मधल्या, तिरप्या भागात आणून पुन्हा वाचायला हवेत. ७६० हे वाचन पातळ न करता घेतले असेल तर १६ टक्क्यांची तूट तेथेच आली असण्याची शक्यता मी मोठी धरतो.

तिसरा प्रश्न खालच्या टोकाचा. यकृताच्या अर्कातले पदार्थ प्रतिपिंडाच्या जोडणीत आडवे आले तर रंग कमी येतो आणि किटला वाटते की औषध आहे. प्रमाण द्रावणे बफरमध्ये बनवली होती की औषध न दिलेल्या पक्ष्यांच्या यकृताच्या अर्कात? औषध न दिलेल्या पक्ष्यांची निदान २० यकृते किटवर चालवून त्यांची वाचने शून्याभोवती किती नाचतात ते पाहावे. हा एकच प्रयोग दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगून जाईल.

आणि चौथा, जो मला आपल्या प्रश्नातल्या ‘दुसरा तुकडा’ या शब्दांनी सुचला. आमच्याकडे एकदा अशाच तुलनेत चार-पाच यकृतांनी सगळा आलेख विस्कटून टाकला होता. दोन तंत्रज्ञांनी दोनदा मोजूनही तेच. शेवटी उरलेले तुकडे वितळवून पांढऱ्या ट्रेमध्ये मांडले तेव्हा त्यांतल्या काहींच्या एका कडेला हिरवट झाक दिसली. पक्षी साफ करताना पित्ताशय फुटले होते. ही औषधे पित्तातून बाहेर पडतात आणि पित्तात त्यांची तीव्रता भरपूर असते. एका पद्धतीला हिरवी कड मिळाली होती आणि दुसरीला स्वच्छ तुकडा. तेव्हापासून आम्ही संपूर्ण यकृत आधी एकजीव वाटून घेतो, त्याच वाटणातून दोन्ही पद्धतींसाठी वजन करतो, आणि दोन्ही वाट्या तितक्याच वेळा गोठवतो व वितळवतो. दोन वेगळ्या तुकड्यांची तुलना ही पद्धतींबरोबर यकृताच्या दोन भागांचीही तुलना असते, आणि गणित या दोहोंना वेगळे करू शकत नाही.

औषधशास्त्र_पीजी :

दोघांचेही मनापासून आभार. अहवाल पुन्हा काढून पाहिला. बेरीजच घेतली आहे, तेवढे सुदैव. ७६० चे वाचन पातळ न करता घेतलेले आहे. वहीत त्यापुढे माझ्याच अक्षरात ‘वक्राच्या टोकाजवळ’ असे लिहिलेले सापडले आणि मी ते सोयीस्करपणे विसरले होते. तुकडे वेगवेगळे होते हे खरे आहे. मात्र बाहेरच्या प्रयोगशाळेत न लागलेले आणि आमच्याकडे उरलेले यकृत उणे ८० अंशांवर आहे. वगळलेल्या सात नमुन्यांचे एलसी-एमएस/एमएस आकडे २२ ते ४७ या दरम्यान आहेत, हेही आत्ता पाहिले.

आकडेमोड :

हेच खटकत होते. आपली पहिली जोडी पाहा: एलसी-एमएस/एमएस ४२, एलायझा ६१. त्या पाच जोड्यांची रेषा असे म्हणते की २२ ते ४७ या पट्ट्यात एलायझाने ५० ते ७० च्या आसपास वाचायला हवे. प्रत्यक्षात त्या पट्ट्यातले सात नमुने ३० च्याही खाली वाचले गेले आणि आपण ते वगळले. कमी रकमेच्या नमुन्यांपैकी ज्यांना एलायझाने उदारपणे मोजले तेवढेच आलेखात राहिले, आणि ज्यांना हात आखडून मोजले ते बाहेर गेले. मग खालच्या टोकाला ‘एलायझा जास्त वाचते’ असे दिसणारच! हा किटचा गुण आहे की आपल्या चाळणीचा, हे आजच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. निदान काही भाग चाळणीचा आहे, याविषयी मला शंका नाही.

त्या जागी १५ घालू नका. शून्यही नको. जो आकडा कोणी मोजलेला नाही तो रेषेत घुसवला की उतार आणि छेद दोन्ही आपण घातलेल्या आकड्याच्या तालावर नाचतात. सर्वांत स्वच्छ उपाय असा, की वगळण्याचा निकष एलायझावर न ठेवता अधिक अचूक पद्धतीवर ठेवावा: एलसी-एमएस/एमएस ५० पेक्षा कमी असलेले सगळे नमुने, मग त्यांत एलायझा काहीही म्हणो, रेषेतून बाहेर काढावेत आणि तसे स्पष्ट लिहावे. या निकषाने ४२ आणि ६१ ही जोडीही बाहेर जाईल. ज्यांना ते नमुनेही वापरायचे आहेत त्यांच्यासाठी ‘वाचन ३० च्या खाली आहे, नेमके किती ते अज्ञात’ एवढीच माहिती वापरणारी महत्तम संभाव्यता पद्धत आहे, पण प्रबंधासाठी तो खटाटोप मी करणार नाही.

आता रेषा कोणती? नेहमीची लघुतम वर्ग रेषा आडव्या अक्षावरच्या आकड्यांत चूक नाही असे गृहीत धरते. ते येथे खरे नाही, म्हणून डेमिंगची रेषा घेतात, जी दोन्ही अक्षांवरच्या चुकांना जागा देते. तिला दोन्ही पद्धतींच्या चुकांच्या प्रचरणांचे, म्हणजे विचलनांच्या वर्गांचे, गुणोत्तर लागते. आपल्या १२ आणि ५ टक्क्यांवरून ते १४४ भागिले २५, म्हणजे सुमारे ५.८ येते, आणि लॉगरिदम घेतल्यावर ते सगळ्या पट्ट्यात साधारण स्थिर राहते. मात्र सॉफ्टवेअर हे गुणोत्तर उलटे मागत नाही ना, हे तपासा. ती चूक मी स्वतः केलेली आहे. पासिंग आणि बाबलोक यांची १९८३ ची पद्धत हे गुणोत्तर आपल्याकडून मागत नाही. ती ठिपक्यांच्या प्रत्येक जोडीतून रेषा काढते, ४८ नमुन्यांत अशा ११२८ रेषा होतात, आणि त्यांच्या उतारांचा थोडा सरकवलेला मध्यक घेते. एखाददुसऱ्या हिरव्या यकृताने ती डगमगत नाही. आर या भाषेतील एमसीआर हे पॅकेज दोन्ही करते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या आकड्यांत या तिन्ही रेषा जवळपास एकच उत्तर देतील. विस्तार मोठा असून आडव्या अक्षावर अचूक पद्धत आहे. हेच नमुने १०० ते ४०० मध्ये एकसारखे पसरलेले असते आणि आडव्या अक्षावर आपण १२ टक्के चुकीची एलायझा ठेवली असती, तर साध्या रेषेचा उतार सुमारे दहा टक्क्यांनी खोटा खाली आला असता. त्यामुळे कोणती रेषा, यावर परीक्षकांशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. ‘उताराच्या विश्वासांतरात १ आहे आणि छेदाच्या विश्वासांतरात ० आहे, म्हणून पद्धती समतुल्य’ हे वाक्यही टाळा. ती टी-चाचणीचीच जुनी खोड दुसऱ्या वेषात आहे. मर्यादेपाशी सहन होणारा फरक आधी लिहून ठेवा. त्यासाठी आधार हवा असेल तर हॉरविट्झच्या सूत्राने २०० मायक्रोग्रॅम प्रति किलोला प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतील अपेक्षित विचलन सुमारे २० टक्के येते.

आणि अवशेष_तपासनीस यांनी दिवसांनुसार बदलणाऱ्या कलाविषयी जे लिहिले आहे त्याला जोडून: प्रत्येक वाटण दोन्ही पद्धतींनी दोनदा अर्क काढून मोजा. मगच फरकांच्या पसाऱ्यातला किती भाग निव्वळ पुनर्मापनाचा आणि किती भाग ‘या यकृताशी या किटचे जमत नाही’ अशा प्रकारचा, हे वेगळे करता येईल. पहिला भाग जास्त वेळा मोजून कमी होतो. दुसरा होत नाही.

शेडवरचा_डॉक्टर :

मी पोल्ट्रीच्या शेडवर हिंडणारा पशुवैद्य आहे, गणितातले मला फारसे कळत नाही, पण एक विचारतो. आम्हाला किटकडून आकडा नकोच असतो. पक्षी उचलायचे की आणखी दोन दिवस थांबायचे, एवढेच हवे असते. थांबलो तर खाद्याचा खर्च अंगावर पडतो आणि उचलले व पुढे माल नाकारला गेला तर सगळीच बॅच जाते. या दोन चुका सारख्या नाहीत. तेव्हा २०० च्या वरच्यांपैकी किटने किती सोडले, हे कोठे दिसत नाही ते का?

औषधशास्त्र_पीजी :

मोजून पाहिले. एलसी-एमएस/एमएसने २०० च्या वर ठरवलेली यकृते १४. त्यांपैकी १३ एलायझाने पकडली आणि एक सुटले. म्हणजे ९३ टक्के. हे चांगले म्हणायचे ना?

आकडेमोड :

डॉक्टरसाहेबांचा प्रश्न खरे तर पहिलाच असायला हवा होता. १४ पैकी १ सुटले यावरून सुटण्याचे खरे प्रमाण, एकतर्फी ९५ टक्के खात्रीने, जास्तीत जास्त सुमारे ३० टक्के असू शकते एवढेच म्हणता येते. चाळणी परीक्षेसाठी युरोपीय नियमांत हे प्रमाण ५ टक्क्यांवर जाऊ नये अशी अपेक्षा असते, आणि तेवढे दाखवायचे तर मर्यादेवरचे ५९ नमुने लागतात व त्यांतला एकही सुटता कामा नये. ते ५९ ही मर्यादेच्या जवळचे हवेत. ९०० चे यकृत पकडण्यात किटची कसोटी लागत नाही.

व्यवहारात यावर उपाय सोपा आहे. किटचा उंबरठा २०० वर न ठेवता खाली, समजा १०० वर आणावा, आणि त्याच्या वरचा प्रत्येक नमुना यंत्रावर पाठवावा. किती विनाकारण थांबावे लागते ते आपल्याच आकड्यांत मोजा आणि दोन्ही चुका शेजारी-शेजारी छापा. मॅक्निमर चाचणी किंवा काप्पा देऊ नका. पहिली दोन चुकांची संख्या सारखी आहे का एवढेच पाहते, दुसरी त्यांना एकाच मापाने तोलते, आणि डॉक्टरांनी आत्ताच सांगितले की त्या सारख्या नाहीत.

औषधशास्त्र_पीजी :

सुटलेले यकृत कोणते ते शोधले. एलसी-एमएस/एमएस २३१, एलायझा १७४. तिसऱ्या दिवसाचा पक्षी. उंबरठा १०० वर असता तर ते पकडले गेले असते. पिशवी फ्रीजरमधून काढून पाहिली, हिरवी कड नाही.

सरांशी बोलले. त्यांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला, पण पाच जोड्यांचा कागद पुढे ठेवल्यावर त्यांनी स्वतःच ४५ टक्क्यांवर पेन्सिलीने गोल केला. ठरले ते असे: उरलेले यकृत पक्ष्यागणिक एकजीव वाटायचे, प्रत्येक वाटणाचे दोन अर्क एलायझासाठी आणि दोन बाहेर, ३०० च्या वरचे सगळे नमुने पातळ करून. औषध न दिलेल्या पक्ष्यांची यकृते मात्र आमच्याकडे सहाच आहेत. महाविद्यालयाच्या कुक्कुटपालन विभागात पुढच्या आठवड्यात एक बॅच निघते आहे आणि तिला औषध दिलेले नाही असे नोंदवहीत आहे. तेथून चौदा मागितली आहेत. किटचा शिल्लक साठा मोजला, एका प्लेटने कमी पडतो आहे.

अवशेष_तपासनीस :

नवी प्लेट वेगळ्या लॉटची आली तर तिच्यावर जुन्या लॉटच्या प्लेटवरचे सहा-सात अर्कही पुन्हा चालवा, नाहीतर लॉटमधला फरक आपण यकृताच्या नावावर लिहाल. आणि नोंदवहीवर विसंबण्याआधी त्या शेडच्या पाण्याच्या टाकीत शेवटचे औषध कधी घातले होते ते विचारून घ्या.